घरी कळलं

आमच्या फर्दापूरला म्हणतात, भुतांची खरी वेळ रात्रीची नाही, भर दुपारची. बारा ते दोनच्या मध्ये विहिरीवर जायचं नाही, चिंचेखाली थांबायचं नाही. मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, संभाजीनगरला नोकरीला लागले आणि असल्या गोष्टींना हसायला शिकले. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या त्या सोमवारी साडेबाराला ऑफिसचं दार वाजलं, तेव्हा मी सर्व्हरला मनातल्या मनात शिव्या घालत होते. भुताबितांचा विचारही डोक्यात नव्हता.

दारात एक उंच, उन्हानं रापलेला तरुण. पांढरा शर्ट, बाह्या नीट दुमडलेल्या, आणि चपला हातात.

"चपला घाला पायात," मी म्हणाले. "इथं सगळेच घालतात."

"फरशी लई चकाचक हाय म्हणून..." तो किंचित हसला. हसला तेव्हा डावीकडचाच गाल हलला. मी उगाचच कीबोर्डवरची धूळ झटकली.

"बसा. तक्रार काय आहे?"

"तक्रार नाय मॅडम. कसं सांगू..." त्यानं चपला खुर्चीखाली ठेवल्या, घातल्या नाहीतच. "मी अजिनाथ. वैजापूरजवळच्या वस्तीवरचा. माझे वडील, त्रिंबक, चार महिन्यांमागं वारले."

"अरेरे."

"आणि काल ते कन्नडला पोहोचले."

बाहेर सिडकोच्या त्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कूलरचा आवाज तेवढा चालू होता, आणि तो अचानक मला फार मोठा वाटायला लागला.

आमच्या कंपनीचं नाव 'मुक्काम'. धनगर मंडळी दसऱ्यानंतर मेंढ्या घेऊन घर सोडतात ती मृगाच्या तोंडाशी परततात. मधले सात-आठ महिने घरच्यांना त्यांचा पत्ता नसतो. म्हणून आम्ही सोपी सोय केली. मुक्काम पडला की मेंढक्यानं आमच्या नंबरला फोन लावायचा, गावाचा ठरलेला आकडा दाबायचा. लगेच त्याच्या घरचा फोन वाजतो आणि आवाज सांगतो, अमका अमक्या मुक्कामी पोहोचले. घरच्यांनी एक दाबायचं. मग मेंढक्याचा फोन वाजतो, "घरी कळलं." बस, एवढंच. तो आवाज माझा. दोनशे मेंढक्यांची नावं आणि सव्वाशे गावं मी घसा बसेपर्यंत रेकॉर्ड केली होती.

"वडिलांचं नाव यादीतून काढायला हवं," मी म्हणाले.

"काढलं की. तेरावं झाल्यावर मीच आलो होतो. तुमच्या साहेबांनी माझ्यासमोर काढलं." त्यानं खिशातून जुना बटणांचा मोबाईल काढून टेबलावर ठेवला. "हा बाचा फोन. आईला रोज एक वाजून दहा मिनिटांनी तुमचा फोन येतो, ते पोहोचले म्हणून. आई एक दाबते. मग हा वाजतो."

मी यादी उघडली. त्रिंबक नाव खरंच नव्हतं. "आणि मेंढ्या?"

"फकिराकाकाकडं. बाच्या जोडीनं वीस वर्षं चालला तो. त्याचं नाव तुमच्या यादीत हाय का विचारलं, तर साहेब नाय म्हणाले. त्याला फोन लावला तर कायम बंद. आईनं बांगड्या परत भरल्यात मॅडम. हिरव्या. भावकीत कुजबुज चालू हाय. दरसाली बा परतीला वेरूळला आला की आई भाकरी घेऊन जायची, दोघं घृष्णेश्वराचं दर्शन घ्यायचे. औंदा बी निघालीय. म्हणते, शनिवारी येतील ते वेरुळात. तिथं जाऊन ती रिकाम्या रानात उभी राहिली ना... तर पुन्हा उठायची नाय. त्याच्या आत मला सांगा, रोज फोन कोण करतंय."

मी घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून आठ.

लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. कोणता फोन आला, काय दाबलं, काय बिघडलं, ते सगळं त्यात ओळीनं उतरतं. एकाच वेळी वीस मेंढके फोन करतात, म्हणून सर्व्हरच्या पोटात आठ थ्रेड ठेवलेत. थ्रेड म्हणजे एकेक हातच समजा, जो हात मोकळा तो फोन उचलतो. मी हौसेनं त्यांची नावं 'मेंढका-एक' ते 'मेंढका-आठ' ठेवली होती. आठही जण एकाच वहीत लिहिणार, ओळी एकमेकींत मिसळणार, म्हणून प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला थ्रेडचं नाव आणि ज्याचा फोन त्याच्या नावाची खूण. कॉन्फिगरेशन सगळं माझ्या हातचं. आणि ही वही इतकी फुगली होती की डिस्क भरत आली होती. आमचे ऋतुराज सर सकाळीच म्हणाले होते, "प्रांजली, आधी ते लॉगिंग नीट लाव. रोजची फाइल वेगळी कर, फालतू ओळी बंद कर."

एक वाजून दहा. स्क्रीनवर ओळ उमटली.

मेंढका-सात. त्रिंबक. कन्नड मुक्कामी पोहोचले.

अजिनाथ खुर्चीतून उठून उभा राहिला. त्याला स्वतःलाच कळलं नाही बहुतेक. वडील घरात आले की पोरं उठतात ना, तसा. अर्ध्या मिनिटानं दुसरी ओळ आली, घरी कळलं. आणि टेबलावरचा तो जुना फोन थरथरत वाजायला लागला.

त्यानं उचलून कानाला लावला. माझ्यासमोर उभा राहून माझाच आवाज ऐकला.

"तुमचाच हाय ना हा आवाज?" त्यानं विचारलं. "मी रोज ऐकतो. चार महिने झाले."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आणि खोटं कशाला बोलू, काट्यासोबत आणखीही काहीतरी आलं.

मंगळवारी तो पुन्हा आला. वाळूजच्या कंपनीत त्याची दुसरी पाळी, तीनला सुरू व्हायची, तोवर मोकळा. येताना रुमालात चार गावरान आंबे.

"लाच का?" मी विचारलं.

"चौकशी चालू असताना लाच द्यायची नसते व्हय?"

"चौकशी संपल्यावर देतात."

"मग संपवू नका एवढ्यात..." असं म्हणून तो खिडकीकडे बघायला लागला, आणि त्याचे कान लाल झाले. रापलेल्या माणसाचे कानही लाल होतात, हे मला त्या दिवशी कळलं.

एक दहाला ओळ आली. मेंढका-दोन. त्रिंबक. हतनूर मुक्कामी पोहोचले. तो उठला. आज उचलणारा हात वेगळा होता, म्हणजे बिघाड एकाच थ्रेडचा नव्हता. मी जुन्या ओळी उपसल्या. आठही मेंढक्यांच्या तोंडी चार महिने त्रिंबकचं नाव होतं. एकाच्या डोक्यात भूत बसलं तर समजू शकते, आठांच्या डोक्यात एकच माणूस कसा बसेल?

बुधवारी पुन्हा हतनूर. बुधवारी ओळ आली तेव्हा मीही उठून उभी राहिले. आमची नजर एकमेकांना भेटली आणि दोघांनीही ती लगेच काढून घेतली. बाहेर धुळीची वावटळ गल्लीभर फिरत होती. एरवी मी खिडकी लावून कामाला लागले असते. त्या दिवशी मात्र ती आपल्या दारापाशी थांबेल की काय, याची वाट बघत बसले.

"तुम्हाला भीती वाटते?" मी विचारलं.

"बाची कशाला वाटंल?" तो म्हणाला. "बा मला म्हणायचा, एक साल चल माझ्यासंगं, वाट दाखवतो. मी म्हणायचो, पुढच्या साली. हीच भीती वाटते... की तो अजून चालतोय, आणि मी अजून पुढच्या सालीच म्हणतोय."

मी आंब्याची एक फोड त्याच्यापुढे सरकवली आणि विषय बदलायला म्हणून विचारलं, "एवढ्या मेंढ्यांत आपली कोणती ते कसं ओळखता?"

"कानाची खूण. प्रत्येकाची कातर वेगळी. कोकरू ज्याच्या कळपात जन्मलं, त्याची खूण त्याच्या कानाला. मग ते कुठंबी जाऊ दे, मालक बदलू दे, मालक मरू दे. जन्माची खूण ती जन्माची."

मी फोड खाता खाता थांबले.

"काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. "तुमच्या पाळीची वेळ झाली."

तो गेल्यावर मी माझाच दोन वर्षांपूर्वीचा कोड उघडला. झालं होतं ते असं. सर्व्हर सुरू झाला त्या दिवशी आठ थ्रेड तयार नव्हते. पहिला फोन आला की ते जन्मतील, अशी माझी मांडणी. आणि नवा थ्रेड जन्मताना ज्याच्या फोनमुळे जन्मला त्याची खूण आपोआप घेऊन येतो, ही त्या जुन्या लॉगिंगची रीत. मला ती माहीत असायला हवी होती. उद्घाटनाचा पहिला फोन त्रिंबकचा होता. भिंतीवर फोटो आहे अजून, फेटा, गळ्यात हार, कानाला फोन. आठही मेंढके त्याच्या कळपात जन्मले. यादीतल्या माणसाचा फोन आला की काम होईपुरती त्याची खूण चढायची, काम संपलं की उतरायची आणि खाली पुन्हा जन्माची खूण. यादीत नसलेल्या माणसानं फोन केला तर त्याला स्वतःचं नावच नाही, मग तो त्रिंबक. त्यात घरी आणि परत मेंढक्याला करायच्या फोनसाठी नाव आणि नंबर यादीतून न घेता थेट त्या खुणेतून उचलायचा आळशीपणाही माझाच. यादीतून नाव काढून काय होणार होतं? सर्व्हर दोन वर्षांत एकदाही बंद झाला नव्हता, आणि त्याचं आम्हाला केवढं कौतुक.

म्हणजे अजिनाथच्या आईला, म्हाळसाबाईंना, चार महिने रोज फसवत होते ते भूत नव्हतं. मी होते, तेही माझ्याच आवाजात.

गुरुवारी तो आला, गल्लेबोरगावची ओळ आली, तो उठला, बसला, गेला. मी बोलले नाही. सांगितलं तर त्याचा बाप दुसऱ्यांदा मरणार, आणि उद्यापासून साडेबाराला दार वाजणार नाही. यातलं मला जास्त कशाचं वाईट वाटत होतं, ते सांगायची मला लाज वाटते.

शुक्रवारी सांगितलं. खाली मान घालून, सगळं.

तो उठून खिडकीशी गेला. "म्हणजे माझ्या आईनं बांगड्या भरल्या त्या तुमच्या चुकीपायी."

"हो."

"आणि काल तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग काल का नाय सांगितलं?"

"कारण... सांगितलं असतं तर तुम्ही आज आला नसता."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. राग होता, आणि रागाच्या मागं दुसरंच काही होतं. ते दोन्ही एकदम बघायची मला ताकद नव्हती. मी स्क्रीनकडे वळले. फोन करणाऱ्याचा नंबर ओळीत लिहायचा नाही, असं मीच ठरवलं होतं, कुणाची खाजगी माहिती उघड्यावर पडू नये म्हणून. ते बदललं. एवढा बदल सर्व्हर बंद न करताही होतो. एक दहाला गल्लेबोरगावची ओळ उमटली, या वेळी शेवटी दहा आकडे.

"फकिराकाका," अजिनाथ म्हणाला. त्यानं लगेच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे घुंगरांचा आणि बें-बेंचा गलका.

"व्हय, मीच दाबतो," म्हातारा आवाज म्हणाला. "त्रिंबकदादानं शिकवलं होतं. रोज एकला मेंढरं बसली की फोन लावायचा, गावाचा आकडा दाबायचा, घरी कळतं. दाबलं की मोबाईल बंद करून ठेवतो, चार्जिंग पुरत नाय."

"पण कोणाच्या घरी कळतं, काका?"

"ते काय मला ठाव? मला कुठं घर हाय? कुणाच्या तरी घरी कळत आसंल." मग एकदम आठवून, "मंगळवारी तेवढं राहिलं बघ. हतनूरला येताना मोबाईल पार मेला होता, बुधवारी सकाळी चार्जिंग झालं."

अजिनाथनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. मंगळवारची ओळ तशीच समोर होती. मेंढका-दोन. त्रिंबक. हतनूर मुक्कामी पोहोचले. एक वाजून दहा.

"दुसऱ्या कुणीतरी दाबलं असेल," मी म्हणाले. "यादीत नसलेलं कुणीतरी."

"आसंल," तो म्हणाला. मंगळवारी नंबर लिहिले जात नव्हते. त्यामुळे ते कोण होतं हे मला आजही सांगता येत नाही, आणि मी ती ओळ पुसलेलीही नाही.

हे आईला फोनवर नाही, समोर जाऊन सांगायचं, असं आमचं ठरलं. शनिवारी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी वेरूळला गेले. मांडीवर लॅपटॉपची बॅग. खुलताबादचा घाट उतरताना त्यानं न वळता विचारलं, "धरून बसलात ना?"

"बॅग धरलीय."

"बॅगेला काय व्हतंय... पडलीच तर माणूस पडंल."

मी त्याचा खांदा धरला. घाट मला फार लवकर संपल्यासारखा वाटला.

गावाबाहेरच्या पडीक रानात लिंबाखाली म्हाळसाबाई बसल्या होत्या. फडक्यात बांधलेल्या भाकरी, हातभर हिरव्या बांगड्या. समोर मेंढ्यांचा कळप धूळ उडवत येत होता, आणि पुढे एक वाकलेला म्हातारा, फकिरा. बाईंनी हात डोळ्यांवर धरून त्याच्या मागं पाहिलं, मग बाजूला, मग पुन्हा मागं. आणखी कुणीच नव्हतं.

फकिराला त्या तिथं असतील हे ठाऊक नव्हतं. त्यानं मेंढ्या बसवल्या, कनवटीचा मोबाईल काढला, फोन लावून आकडा दाबला. बाईंच्या मांडीवरचा फोन वाजला. माझा आवाज म्हणाला, त्रिंबक, वेरूळ मुक्कामी पोहोचले.

त्यांनी फोन कानाला धरून ठेवला आणि फकिराच्या हाताकडे बघत राहिल्या. अजिनाथ पुढे होऊन सांगायला लागला, तर त्यांनी हातानंच थांबवलं. कळपातली घुंगरूवाली म्हातारी मेंढी वाट काढत आली आणि त्यांच्या गुडघ्याला नाक घासायला लागली. बाईंनी तिचा कान धरला, कातरलेल्या खुणेवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे तू व्हय रोज पोहोचत होतीस," त्या मेंढीला म्हणाल्या, आणि मग रडल्या. खूप वेळ, मोठ्यानं. चार महिन्यांत पहिल्यांदा, असं अजिनाथ मला नंतर म्हणाला.

मी जवळ जाऊन पाय धरले. "मावशी, चूक माझी आहे. त्या मशीनमध्ये त्यांचं नाव राहून गेलं, माझ्यामुळे."

"तुझाच का गं तो आवाज?" त्यांनी माझी हनुवटी उचलली. "गोड हाय. तुझ्या चुकीनं चार महिनं भाकरी घशाखाली उतरली पोरी, नायतर उतरत नव्हती." मग पदरानं तोंड पुसलं. "पुसायचं हाय ना आता त्यांचं नाव?"

"हो."

"पूस. पण मला एकदा दाबू दे."

त्यांनी एक दाबलं. अजिनाथच्या खिशातला जुना फोन वाजला. त्यानं उचलला, ऐकला आणि या वेळी त्याचे डोळे भरून आले. मग मी लिंबाखाली बसून लॅपटॉप उघडला. नवं कॉन्फिगरेशन चढवलं. प्रत्येक थ्रेडनं कोरी खूण घेऊन जन्मायचं, काम संपलं की पुन्हा कोरं व्हायचं, आणि अनोळखी माणूस आला तर त्याला अनोळखीच म्हणायचं. दोन वर्षांत पहिल्यांदा सर्व्हर बंद केला. तेवढं एक मिनिट सगळ्या मेंढ्या चिडीचूप झाल्या होत्या, निदान मला तसं वाटलं. मग सर्व्हर चालू झाला, आणि आठ मेंढके रिकाम्या नावानं उभे राहिले.

"बांगड्यांचं काय, आई?" अजिनाथनं हळूच विचारलं.

"राहू दे. हातात बऱ्या दिसतात," त्या म्हणाल्या. "भावकीला म्हणावं, तुमच्या हातातल्या नायत." मग माझ्याकडे वळून, "ह्या फकिराला यादीत घाल. घरचा नंबर माझा टाक. रोज पोहोचतो बिचारा, कुणाला तरी कळाया पायजे."

फकिरा डोक्यावरचं मुंडासं नीट करत उगाचच दुसरीकडे बघायला लागला.

"आणखी एक नाव घाला," अजिनाथ म्हणाला. "मी आठ दिवसांची रजा टाकलीय. इथून घरापर्यंत कळपासंगं चालतो. पुढच्या सालचं पुढच्या साली बघू."

नवं नाव म्हणजे नवं रेकॉर्डिंग. मी मोबाईल तोंडाजवळ धरून म्हणाले, "अजिनाथ."

"नीट नाय आलं."

"अजिनाथ."

"मेंढ्यांचा आवाज आला मधी. पुन्हा घ्या."

"अजिनाथ," मी तिसऱ्यांदा म्हणाले, आणि तो डाव्या गालानं हसला तेव्हा कळलं की पहिलंच नीट आलं होतं. "घरचा नंबर सांगा. आईंचाच ना?"

"द्या, मी टाकतो." त्यानं लॅपटॉप स्वतःकडे वळवला, एका बोटानं दहा आकडे टाकले आणि झाकण मिटून टाकलं. "चला, तुम्हाला बसमध्ये बसवून देतो."

रविवारी ऑफिसला सुट्टी. मी माझ्या खोलीवर, पंख्याखाली, केस धुऊन बसले होते. बाहेर ऊन, गल्ली सुनसान, घड्याळात एक वाजून दहा. माझा फोन वाजला.

उचलला तर माझाच आवाज. नावामागं वेरूळच्या रानातली घुंगरं, मेंढ्यांचा गलका.

"अजिनाथ, कसाबखेडा मुक्कामी पोहोचले."

मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते, ते मला नंतर कळलं. फोन कानाला तसाच धरला, डोळे पुसले आणि एक दाबलं.